शब्दकोड्याचे शोधसूत्र

प्रस्तावना

वर्तमानपत्र हाती आले की अनेक वाचक बातम्यांआधी शब्दकोड्याचे पान उघडतात. आडव्या-उभ्या चौकटी, त्यांत काही काळ्या, काही पांढऱ्या, आणि बाजूला क्रमांकांनुसार दिलेली छोटी वाक्ये. या वाक्यांच्या आधारे शब्द ओळखायचा असतो, म्हणून त्यांना 'शोधसूत्रे' म्हणतात. कोडे सोडवण्याचा आनंद सर्वांच्या परिचयाचा आहे. पण कोडे रचणाऱ्याला कोणते कष्ट पडतात, संगणक त्याला कोठवर साहाय्य करतो आणि कोणते काम त्याला स्वतःच करावे लागते, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत पाठात हा विचार मांडला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• शब्दकोड्याच्या जन्माची माहिती सांगू शकाल;
• मराठी कोड्यात अक्षर हा घटक का मानतात ते स्पष्ट करू शकाल;
• कोडे रचणाऱ्या आज्ञावलीचे कार्य व तिची मर्यादा सांगू शकाल;
• व्याकरणदृष्ट्या निर्दोष शोधसूत्र लिहू शकाल आणि सदोष शोधसूत्र सुधारू शकाल.

मूळ पाठ

१. शब्दकोड्याचा जन्म

आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचे रचनाकार आर्थर विन हे मूळचे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे. त्यांच्या कोड्याचा आकार हिऱ्यासारखा चौकोनी होता आणि नाव होते 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांतच हे नाव उलटून 'क्रॉस-वर्ड' असे झाले. १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि या खेळाचे वेड देशभर पसरले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आरंभी या छंदावर टीका केली होती. त्याच वृत्तपत्राने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचे कोडे सुरू केले. मार्गारेट फेरार या त्याच्या पहिल्या संपादिका होत.

इंग्लंडमध्ये कोड्याला निराळे वळण मिळाले. तेथे शब्दाचा सरळ अर्थ देण्याऐवजी शब्दखेळातून उत्तर सुचवण्याची पद्धत रुजली. 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली कोडे रचण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. शोधसूत्र कितीही अवघड असले तरी ते न्याय्य असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आजही उत्तम कोड्याची पारख याच कसोटीवर होते.

२. मराठी चौकटीतील अक्षर

इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक वर्ण असतो आणि असे वर्ण केवळ २६ आहेत. मराठी कोड्यात मात्र एका चौकटीत पूर्ण अक्षर लिहितात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सर्व त्या अक्षराचेच भाग असतात. जोडाक्षरही एकाच चौकटीत बसते. 'आंबा' हा दोन चौकटींचा शब्द, तर 'स्त्री' हा एकाच चौकटीचा.

यामुळे मराठी कोडे रचणे अधिक कठीण होते. आडव्या व उभ्या शब्दांना जोडणारे अक्षर मात्रेसह जुळावे लागते. 'गुरू' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरातून 'रूप' हा शब्द उभा जाऊ शकतो. 'रुमाल' जाऊ शकत नाही, कारण एक 'रू' दीर्घ आहे व दुसरा ऱ्हस्व. मराठी लेखनाच्या प्रचलित नियमांप्रमाणे शब्दाच्या अखेरचा इकार व उकार सामान्यतः दीर्घ लिहितात. कोडे रचणाऱ्याने हा नियम मोडला, तर सोडवणाऱ्याने शुद्ध लिहिलेला शब्दही चौकटीत बसत नाही.

पुढील लहान कोडे पाहा. मधली चौकट काळी आहे.

सा | ग | र
ध | ■ | हा
क | प | ट

येथे 'सागर' व 'कपट' हे आडवे शब्द आणि 'साधक' व 'रहाट' हे उभे शब्द आहेत. चारही कोपऱ्यांतील अक्षरे दोन-दोन शब्दांत येतात. एखादा शब्द ओळखता आला नाही, तरी त्याला छेदणाऱ्या शब्दांमुळे त्याची दोन अक्षरे मिळतात. म्हणूनच अपरिचित शब्दाला छेदणारे शब्द परिचित असावेत, असा संकेत आहे.

३. संगणक काय करतो?

पूर्वी कोडे आलेखाच्या कागदावर पेन्सिल व खोडरबर घेऊन रचत. आज 'क्रॉसवर्ड कंपायलर', 'क्यूएक्सडब्ल्यू' यांसारख्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, त्यासाठी उपलब्ध आहेत. एक चौकट काळी केली की समोरच्या बाजूची जोडीची चौकट आज्ञावली आपोआप काळी करते; त्यामुळे आकृती अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसते. क्रमांकही तीच घालते.

आज्ञावलीजवळ शब्दांची यादी असते. पहिले अक्षर 'सा' व तिसरे 'र' असा साचा मिळाला की ती यादीतून 'सागर', 'साखर', 'सादर' असे शब्द शोधते. त्यांपैकी एक ठेवून पुढे जाते. पुढे एखाद्या जागी कोणताच शब्द बसेना, तर मागे येऊन आधीचा शब्द बदलते. माणसाला तासन्‌तास लागणारे हे काम ती अल्पावधीत करते. यादीतील शब्दांना गुण देण्याचीही सोय अनेक आज्ञावल्यांत असते. अधिक गुणांचा शब्द आधी निवडला जातो.

परंतु इंग्रजीसाठी रचलेल्या आज्ञावलीत मराठी शब्द घातल्यास अडचण येते. संगणकात अक्षरे युनिकोड या पद्धतीने साठवली जातात. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते स, हलन्त चिन्ह, त, हलन्त चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा खुणांची मालिका आहे. आज्ञावलीने प्रत्येक खुणेला एक चौकट दिली, तर शब्दाचे तुकडे होतात. हलन्त चिन्हाने जोडलेले देवनागरी जोडाक्षर एकसंध मानावे, हा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या आवृत्तीत समाविष्ट झाला. तरीही प्रत्येक आज्ञावली तो पाळतेच असे नाही. म्हणून चौकट भरल्यावर ती डोळ्यांनी तपासणे आवश्यक असते.

४. शोधसूत्र कसे लिहावे?

चौकट भरली म्हणजे कोडे झाले असे नाही. शोधसूत्र हे रचनाकाराने सोडवणाऱ्याला दिलेले वचन असते. ते लिहिताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

(अ) शोधसूत्र व उत्तर यांची शब्दजात एक असावी. उत्तर 'धावला' असेल तर 'वेगाने पळाला' असे लिहावे. 'वेगाने पळणे' असे लिहू नये.

(आ) लिंग, वचन व विभक्ती जुळावी. उत्तर 'फुले' असल्यास शोधसूत्र अनेकवचनी हवे. उत्तर 'घरात' असल्यास 'सदन' पुरेसे नाही. 'सदनामध्ये' असे हवे.

(इ) उत्तरातील शब्द किंवा त्याच धातूपासून बनलेला शब्द शोधसूत्रात येऊ नये.

(ई) शब्दाचे अनेक अर्थ असल्यास त्यांचा खेळ करावा. 'पान' या शब्दासाठी 'झाडाला असते, पुस्तकालाही असते (२)' हे सूत्र 'पर्ण' या अर्थापेक्षा अधिक रंजक आहे. कंसातील अंक अक्षरसंख्या दाखवतो.

(उ) प्रादेशिक शब्द असल्यास तसे सुचवावे. 'आलू'साठी केवळ 'बटाटा' असे न लिहिता 'विदर्भातला बटाटा (२)' असे लिहिल्यास इंदूर, बडोदा वा बेळगाव येथील वाचकालाही दिशा मिळते.

५. संपादन

पहिल्या लेखनात शोधसूत्र क्वचितच निर्दोष उतरते. वरील लहान कोड्याची कच्ची सूत्रे व त्यांचे संपादन पाहा.

सागर : 'जलाशय (३)'. हे सूत्र 'तलाव' या शब्दालाही लागू पडते. सुधारित सूत्र : 'अनेक नद्यांना सामावून घेणारा (३)'.

रहाट : 'विहिरीतून पाणी काढणे (३)'. येथे वस्तूऐवजी क्रिया सांगितली आहे. सोडवणारा 'शेंदणे' असे लिहील आणि त्याचे उत्तर योग्यच असेल. चूक सूत्राची आहे. सुधारित सूत्र : 'विहिरीवर फिरून पाणी वर आणणारा (३)'.

साधक : 'साधना करणारा (३)'. उत्तराचा धातू सूत्रातच उघड झाला. सुधारित सूत्र : 'ध्येयासाठी नियमाने अभ्यास करणारा (३)'.

कपट : 'कौरवांनी केले ते (३)'. कौरवांनी पुष्कळ काही केले. वाचकाला नेमकी दिशा मिळत नाही. सुधारित सूत्र : 'शकुनीच्या फाशांत दडलेले (३)'.

ही चार उदाहरणे बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. क्रमांक चुकला, सूत्र राहून गेले, एकच शब्द दोनदा आला, हे दोष आज्ञावली दाखवते. सूत्र संदिग्ध आहे, हे मात्र तिला उमगत नाही. आणि याच दोषाची झळ सोडवणाऱ्याला सर्वाधिक बसते. 'शेंदणे' लिहिणारा वाचक दुसऱ्या दिवशी उत्तर पाहतो, तेव्हा आपलीच मराठी कच्ची आहे असे त्याला वाटते. भाषा नव्याने शिकणारा किंवा मराठी मुलखापासून दूर राहणारा वाचक तर स्वतःवरच अधिक लवकर अविश्वास दाखवतो. रचनाकाराच्या हयगयीमुळे वाचकाने स्वतःला अडाणी समजावे, हा अन्याय होय. सोडवणारा हरला तरी चालेल. उत्तर कळल्यावर 'हे आपल्याला सुचायला हवे होते' असे त्याला वाटले पाहिजे.

संगणकाने आणखी एक मोह निर्माण केला आहे. जुन्या कोड्यांतील शोधसूत्रांचे प्रचंड साठे आज उपलब्ध आहेत; त्यांतून तयार सूत्र उचलणे सोपे झाले आहे. मात्र चोरी उघडकीस आणण्याचे साधनही संगणकच ठरला. २०१६ साली अमेरिकेत अशाच साठ्यातील कोड्यांची तुलना करण्यात आली, तेव्हा अनेक प्रसिद्ध कोडी जुन्या कोड्यांशी संशय यावा इतकी जुळत असल्याचे दिसून आले. यंत्राने शब्द शोधावेत. सूत्र मात्र रचनाकाराचे स्वतःचे असावे.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : पहिले आधुनिक शब्दकोडे प्रसिद्ध झाले ते साल –
(क) १९०३ (ख) १९१३ (ग) १९२४ (घ) १९४२
२. 'गुरू' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरातून 'रुमाल' हा शब्द का जाऊ शकत नाही?
३. 'धावला' या उत्तरासाठी 'वेगाने पळणे' हे सूत्र सदोष का आहे?

आपण काय शिकलो?

• मराठी कोड्याच्या एका चौकटीत मात्रांसह एक पूर्ण अक्षर येते.
• आज्ञावली चौकट भरते व गणिती चुका दाखवते. अर्थाची संदिग्धता तिला कळत नाही.
• शोधसूत्र व उत्तर यांची शब्दजात, लिंग, वचन व विभक्ती जुळावी लागते.
• अवघड सूत्र क्षम्य असते, पण दिशाभूल करणारे सूत्र वाचकावर अन्याय करते.

पाठान्त प्रश्न

१. 'शोधसूत्र हे सोडवणाऱ्याला दिलेले वचन असते.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'कर' व 'मान' या शब्दांच्या विविध अर्थांचा उपयोग करून प्रत्येकी एक शोधसूत्र लिहा.
३. तुमच्या परिसरात बोलले जाणारे तीन मराठी शब्द निवडा. अन्य प्रांतातील वाचकाला ओळखता येतील अशी त्यांची शोधसूत्रे तयार करा. ती एखाद्या सहाध्यायीला सोडवण्यास द्या आणि तो जेथे अडेल तेथे सूत्र सुधारा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) १९१३.
२. 'गुरू'मधील 'रू' दीर्घ आहे, तर 'रुमाल'मधील 'रु' ऱ्हस्व आहे.
३. उत्तर भूतकाळी क्रियापद आहे. सूत्रात मात्र क्रियेचे नाव दिले आहे. त्यामुळे दोहोंचे व्याकरण जुळत नाही.