सतरा मार्च : आयर्लंडचा सण आणि आयर्लंडची भाषा

मार्च महिन्यात टीव्हीवर तुम्ही हिरवे कपडे घातलेल्या लोकांच्या मिरवणुका पाहिल्या असतील. अमेरिकेतल्या शिकागो शहरात तर १९६२ पासून या सणासाठी नदीचे पाणीच हिरवे करतात. हा सेंट पॅट्रिकचा दिवस, १७ मार्च. आयर्लंडचा हा राष्ट्रीय सण. पण त्याची आजची धामधूम मुळात आयर्लंडची नाही, ती देश सोडून गेलेल्यांनी घडवली. आपण इंदूरचे मराठी लोकही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतो, म्हणून हा विषय आम्हांला जवळचा वाटला.

ज्याच्या नावाचा हा सण, तो पॅट्रिक जन्माने आयरिश नव्हता. इसवी सनाच्या पाचव्या शतकातला हा माणूस. त्याचा जन्म रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये झाला. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्याला पकडून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेले. तेथे सहा वर्षे गुरे-मेंढ्या राखल्यावर तो पळाला आणि घरी पोचला. पुढे धर्मोपदेशक होऊन तो त्याच देशात परत गेला. त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेली दोन लहान लिखाणे आजही उपलब्ध आहेत, त्यांतून एवढे कळते. १७ मार्च ही परंपरेने त्याची पुण्यतिथी मानतात.

बाकी पुष्कळ गोष्टी दंतकथा आहेत. त्याने आयर्लंडमधून साप हाकलले असे म्हणतात, पण हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते. शॅमरॉक या तीन दलांच्या पानावरून त्याने ईश्वराची तीन रूपे समजावली, ही कथा सुंदर आहे. मात्र त्याच्या लिखाणात ती नाही, ती लेखी आढळते अठराव्या शतकात. हिरवा रंगही मागाहून आला, पॅट्रिकशी आधी निळा रंग जोडलेला होता.

जुन्या काळी आयर्लंडमध्ये हा सण साधा होता. सकाळी चर्चमध्ये जायचे, टोपीला किंवा कोटाला शॅमरॉक लावायचे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात हा दिवस येतो, म्हणून त्या दिवशी पथ्य थोडे सैल होई. मुले कागदावर वर्तुळ काढून त्यात रंगीत क्रूस रेखाटत आणि तो छातीवर लावत. मुलींचे क्रूस फितींनी सजवलेले असत.

मिरवणुकीची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीची. पुढे १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना हलकी कामे आणि तुच्छ वागणूक मिळाली. वर्षातून एक दिवस शहराच्या मुख्य रस्त्यावरून बँड वाजवत जाणे म्हणजे ‘आम्हीही आहोत’ हे सांगणे होते. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या पाहणाऱ्या इंदूरकरांना हे वेगळे समजावायला नको.

आयर्लंडमध्ये १७ मार्चची सार्वजनिक सुटी १९०३ च्या कायद्याने मिळाली. डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक १९३१ मध्ये निघाली. त्या काळात या दिवशी दारूची दुकानेही कायद्याने बंद असत! मोठा महोत्सव तर १९९६ पासूनचा, तोही बाहेरच्या आयरिश लोकांचा थाट पाहून सुरू झालेला.

सण असा समुद्र ओलांडून गेला आणि मोठा होऊन परत आला. भाषेचे तसे झाले नाही. दुष्काळाची झळ सर्वाधिक बसली ती पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या गावांना. त्याआधीच, १८३१ पासून, सरकारी शाळा इंग्रजीतून सुरू झाल्या होत्या. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवत. तो आयरिश बोलला की काठीवर एक खाच पाडायची आणि खाचा मोजून छड्या द्यायच्या. वाईट वाटते ते याचे की या प्रकाराला पुष्कळ आईवडिलांचीही संमती होती. मुलाला उद्या अमेरिकेत पोट भरायचे आहे, तिथे आयरिश काय कामाची, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब अगदीच चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांची नातवंडे आजीशी तिच्या भाषेत बोलू शकली नाहीत.

१८९३ मध्ये डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था काढली. लोकमान्य टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सवही त्याच सुमाराचा, हा केवळ योगायोग. हाइड पाद्र्याचे चिरंजीव. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ते आयरिश शिकले आणि १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. या संस्थेने १९०२ पासून मार्चमध्ये ‘आयरिश भाषा सप्ताह’ सुरू केला. नाव सप्ताह असले तरी तो १ मार्चपासून १७ मार्चपर्यंत चालतो.

आज आयरिश ही तेथील पहिली राजभाषा आहे आणि शाळेत ती सर्वांना शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहिले. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार भरले. पालकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपल्याकडेही मराठीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारी मुले मधल्या सुटीत मैदानावर कोणती भाषा बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

आशेची बाजूही आहे. आयर्लंडमध्ये आता सर्व विषय आयरिशमधून शिकवणाऱ्या अनेक शाळा आहेत. पुष्कळ मुलांच्या घरी फक्त इंग्रजी बोलतात, तरी पालक आवर्जून त्यांना तिथे घालतात. ही मुले गणित आयरिशमधून शिकतात आणि खेळताना भांडतातही आयरिशमधूनच, निदान शिक्षक जवळ असेपर्यंत.