कोण जबाबदार? : कॅनडातील प्रायोजन प्रकरण आणि दोन निवडणुका

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या तासाला 'जबाबदार शासनपद्धती' ही संज्ञा आपण वारंवार ऐकतो. मंत्रिमंडळ कायदेमंडळाला जबाबदार आणि कायदेमंडळ मतदारांना जबाबदार, हे सूत्र उत्तरपत्रिकेत लिहून आपण गुणही मिळवतो. परंतु समजा, सरकारी पैशाची लूट झाली; ती खात्यातील एका अधिकाऱ्याच्या सहीने झाली; तिचा लाभ काही जाहिरातदारांना व सत्ताधारी पक्षाला झाला; आणि मंत्री म्हणू लागले की, आम्हांला हे ठाऊकच नव्हते. मग जबाबदार कोण? आणि तेवढ्यात निवडणूक आली, तर मतदाराने समोरच्या उमेदवाराकडे पाहावे की त्याच्या पक्षाकडे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. कॅनडाच्या मतदारांपुढे तो २००४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये उभा राहिला. आपल्याप्रमाणेच त्या देशातही संसदीय पद्धती आणि संघराज्य आहे. एका मतदारसंघातून एक सभासद निवडून येतो आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी होतो. त्यामुळे त्या प्रकरणाचा अभ्यास आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते.

पार्श्वभूमी

कॅनडाचा क्वेबेक प्रांत प्रामुख्याने फ्रेंच भाषिक आहे. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी या प्रांतात स्वतंत्र होण्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले. विरोधी मते ५०.५८ टक्के आणि अनुकूल मते ४९.४२ टक्के पडली. अंतर अवघ्या ५४,२८८ मतांचे. देश फुटता फुटता वाचला.

त्या वेळचे पंतप्रधान, लिबरल पक्षाचे जाँ क्रेत्यें, स्वतः क्वेबेकचेच होते. क्वेबेकमधील जनतेला केंद्र सरकारचे अस्तित्व पदोपदी जाणवले पाहिजे, असे त्यांच्या सरकारने ठरवले. त्यातून प्रायोजन योजना जन्माला आली. गावोगावचे उत्सव, क्रीडास्पर्धा, प्रदर्शने यांना केंद्राने पैसा द्यायचा आणि त्या बदल्यात तेथे कॅनडाचे नाव व ध्वज झळकवायचा, अशी ही कल्पना. हेतूविषयी कोणी नाक मुरडावे असे त्यात काही नव्हते. दोष शिरला तो पैसा ज्या वाटेने गेला त्या वाटेत.

पैशाची वाट

ही योजना सार्वजनिक बांधकाम व शासकीय सेवा खात्याकडे होती. १९९७ ते २००२ या काळात अल्फोन्सो गालियानो हे त्या खात्याचे मंत्री होते आणि प्रारंभीच्या वर्षांत योजनेची सूत्रे चक गिटे या अधिकाऱ्याच्या हाती होती. खात्याने उत्सवाच्या आयोजकांना सरळ धनादेश दिला असता तर काम भागले असते. तसे न करता रक्कम जाहिरात संस्थांमार्फत दिली जाई. ती पुढे पोचवण्याबद्दल संस्थेला १२ टक्के दलाली मिळे आणि आणखी ३ टक्के दुसऱ्या एका नियुक्त संस्थेला. शिवाय छपाई, मांडणी, आखणी अशा नावांखाली निराळी बिले. केंद्राच्या पोलीस दलाचा १२५ वा वर्धापनदिनही या योजनेच्या पैशातून साजरा झाला. म्हणजे सरकारने आपल्याच पोलिसांना पैसा द्यायचा आणि वाटेत दलालाने आपला वाटा काढून घ्यायचा!

'ग्लोब अँड मेल' या दैनिकाच्या बातमीदाराने या व्यवहाराचा माग काढला. मग महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी एकाच संस्थेला दिलेले १६ लाख डॉलरचे तीन करार तपासले आणि मे २००२ मध्ये आपले मत संसदेला कळवले. त्यांपैकी एका करारात सरकारने सुमारे साडेपाच लाख डॉलर मोजून एक अहवाल विकत घेतला होता. तो अहवालच कोणाला सापडेना. त्यांनी प्रकरण पोलिसांकडे सोपवले. याच सुमारास क्रेत्यें यांनी जाहीरपणे म्हटले की, काही दशलक्ष डॉलर चोरीला गेलेही असतील, पण देश स्थिर केल्यामुळे किती वाचले याचाही विचार करा. हे विधान लक्षात ठेवण्यासारखे आहे. साध्य थोर असले की साधनांचा हिशेब मागू नये, हा जुनाच युक्तिवाद येथे नव्या रूपात आला होता.

१२ डिसेंबर २००३ रोजी लिबरल पक्षाचेच पॉल मार्टिन पंतप्रधान झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही योजना बंद केली. परंतु १० फेब्रुवारी २००४ रोजी फ्रेझर यांचा सविस्तर अहवाल संसदेपुढे आला आणि देश हादरला. १९९७ पासून २००३ पर्यंत या योजनेवर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यांतील १० कोटींहून अधिक रक्कम जाहिरात संस्थांच्या शुल्कात व दलालीत गेली होती. मार्टिन यांनी न्यायमूर्ती जॉन गोमरी यांचा चौकशी आयोग नेमला.

पहिली निवडणूक : चौकशीपूर्वीचा कौल

आयोगाची सुनावणी सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाली. निवडणूक मात्र २८ जून २००४ रोजीच पार पडली. साक्षी होण्यापूर्वीच पंचांनी मत द्यावे, तसे हे झाले.

प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांनी या प्रकरणाचा आपापल्या परीने उपयोग केला. स्टीफन हार्पर यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष दोन उजव्या पक्षांच्या विलीनीकरणातून नुकताच, डिसेंबर २००३ मध्ये, उभा राहिला होता. स्वच्छ कारभार हा त्याच्या प्रचाराचा मोठा आधार होता. क्वेबेकमध्ये जील द्युसेप यांच्या ब्लॉक केबेक्वा या स्वातंत्र्यवादी पक्षाने आपल्या घोषणेत 'प्रोप्र' हा फ्रेंच शब्द योजला. त्याचे दोन अर्थ होतात, 'स्वतःचा' आणि 'स्वच्छ'. क्वेबेकचा स्वतःचा पक्ष आणि स्वच्छ पक्ष, असे दोन्ही एका शब्दात सांगून झाले.

सर्वांत बिकट अवस्था लिबरल उमेदवारांची होती. आपल्या मतदारसंघात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसालाही दारोदार जाऊन न खाल्लेल्या पैशाचा खुलासा करावा लागत होता.

निकाल लागला तेव्हा ३०८ जागांपैकी लिबरल १३५, कॉन्झर्व्हेटिव्ह ९९, ब्लॉक ५४, न्यू डेमोक्रॅटिक पक्ष १९ आणि अपक्ष १ असे बलाबल झाले. २००० साली १७२ जागा मिळवणारे लिबरल अल्पमतात आले, पण सत्तेवर राहिले. मतदारांनी जणू पुढची तारीख दिली. क्वेबेकमध्ये मात्र तारीख मिळाली नाही. तेथे लिबरलांच्या जागा ३६ वरून २१ वर घसरल्या आणि ब्लॉकच्या ३८ वरून ५४ वर गेल्या. फुटीरतेला आळा घालण्यासाठी जो पैसा खर्च झाला, त्याच पैशाने फुटीरतावाद्यांच्या पदरात जागा टाकल्या. या प्रकरणातील हा सर्वांत कडवट विरोधाभास होय.

एका अपक्षाचे मत

त्या एकमेव अपक्षाची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. चक कॅडमन हे ब्रिटिश कोलंबियातील सरे नॉर्थचे सभासद. २००४ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. त्यांना कर्करोग झाला होता.

इकडे आयोगापुढे एकेक साक्ष होत होती. फेब्रुवारी २००५ मध्ये क्रेत्यें आणि मार्टिन या दोघांनीही साक्ष दिली. पंतप्रधानांची सही छापलेले गोल्फचे चेंडू योजनेच्या पैशातून बनवले गेले होते. ते गोमरी यांनी एका मुलाखतीत गावंढळ ठरवले होते. क्रेत्यें यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावे असलेले चेंडू काढून दाखवले आणि, हेही गावंढळच का, असा त्यांना टोला दिला. परंतु एप्रिलमध्ये जाँ ब्रो या जाहिरातदाराची साक्ष प्रसिद्ध झाली, तेव्हा हसण्याचे दिवस संपले. कंत्राटे मिळावीत म्हणून पक्षाला पैसा पुरवल्याचे आणि पक्षाचे काम करणाऱ्यांना आपल्या संस्थेच्या पगारपत्रकावर ठेवल्याचे त्याने सांगितले. सरकार डळमळू लागले.

१९ मे २००५ रोजी अर्थसंकल्पविषयक विधेयकावर मतदान झाले. कॅडमन आजारी अवस्थेत राजधानीत आले. आपल्या मतदारांना तूर्त निवडणूक नको आहे, याचा अंदाज घेऊन त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिले. मते १५२ विरुद्ध १५२ अशी समसमान झाली आणि सभापतींच्या निर्णायक मताने सरकार तरले. त्याच जुलैत कॅडमन निवर्तले. त्यांना उमेदवारी पक्षाने दिलेली नव्हती, म्हणून त्यांचे मत पक्षाकडे गहाण नव्हते.

दुसरी निवडणूक

१ नोव्हेंबर २००५ रोजी गोमरी यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच 'कोण जबाबदार?' अशा अर्थाचे होते. योजनेच्या चुकीच्या रचनेचा व देखरेखीच्या अभावाचा ठपका क्रेत्यें व त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुखांवर ठेवण्यात आला; गालियानोही दोषाचे धनी ठरले. मार्टिन आणि क्वेबेकमधील इतर मंत्री यांना मात्र आयोगाने दोषमुक्त केले. लिबरल पक्षाने सुमारे ११ लाख ४० हजार डॉलर सरकारी तिजोरीत भरले.

अंतिम अहवालानंतर तीस दिवसांत निवडणूक जाहीर करू, असे मार्टिन यांनी वचन दिले होते. विरोधक तोवर थांबले नाहीत. २८ नोव्हेंबर २००५ रोजी १७१ विरुद्ध १३३ मतांनी सरकार कोसळले आणि २३ जानेवारी २००६ रोजी मतदान झाले. कॉन्झर्व्हेटिव्ह १२४, लिबरल १०३, ब्लॉक ५१, न्यू डेमोक्रॅटिक २९, अपक्ष १. हार्पर पंतप्रधान झाले. गोमरी यांचा दुसरा अहवाल १ फेब्रुवारीला आला, म्हणजे मतदानानंतर!

माँट्रियलमधील पापिनो मतदारसंघात परराष्ट्रमंत्री पिएर पेटिग्र्यू पराभूत झाले. २००४ मध्ये ते ४६८ मतांनी कसेबसे निवडून आले होते. ते क्वेबेकमधील मंत्री, म्हणजे आयोगाने ज्यांना दोषमुक्त केले त्यांच्यातलेच. आयोगाने सोडले, मतदाराने घरी बसवले.

नंतरची कथाही बोधप्रद आहे. शुद्धतेचा नारा देऊन आलेल्या हार्पर यांनी ज्या खात्यात हे सारे घडले त्याचे मंत्रिपद निवडणूकच न लढवलेल्या गृहस्थाला सिनेटमध्ये नेमून दिले. दोनच आठवड्यांपूर्वी लिबरल म्हणून निवडून आलेल्या एका सभासदालाही त्यांनी मंत्री केले. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. कॅनडाच्या संसदेत तसा कायदा नाही. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की, डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या सरकारने उत्तरदायित्वाचा कायदा संमत करून घेतला आणि राजकीय पक्षांना कंपन्यांनी व कामगार संघटनांनी देणगी देण्यास बंदी घातली. गिटे यांना ४२ महिन्यांची आणि ब्रो यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली. क्रेत्यें यांच्याविरुद्धचे निष्कर्ष न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, कारण गोमरी यांच्या वक्तव्यांवरून त्यांचा पूर्वग्रह दिसतो असे न्यायालयाला वाटले. न्याय करणाऱ्याने जिभेवर ताबा ठेवावा, हा धडाही या प्रकरणातून मिळाला.

दोष आणि जबाबदारी

मग पेटिग्र्यू यांच्यावर अन्याय झाला काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. परंतु माझ्या मते येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. दोष हा व्यक्तीचा असतो. तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि त्याची शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. जबाबदारी ही पदाची व पक्षाची असते. पक्षाचे नाव लावून जो मते मागतो, त्याने त्या नावाचे कर्जही मान्य केले पाहिजे. मे २००२ मध्ये प्रकरण संसदेपुढे आले होते. सार्वजनिक चौकशी सुरू व्हायला फेब्रुवारी २००४ उजाडावे लागले. मधल्या काळात सत्ताधारी पक्षातील निष्कलंक सभासदांनी एकमुखाने चौकशी मागितली असती, तर निवडणुकीत त्यांना निराळे तोंड दाखवता आले असते. मतपत्रिका हे न्यायासन नव्हे. तीवर कोणी किती खाल्ले हे लिहिता येत नाही. कोणाच्या हाती पुन्हा किल्ल्या द्यायच्या, एवढेच तीवर ठरते.

ही शिक्षा कायमची असते असेही नाही. लिबरल पक्ष २०११ मध्ये ३४ जागांपर्यंत खाली गेला. पण ज्या पापिनोने पेटिग्र्यूंना नाकारले, त्याच मतदारसंघातून २००८ मध्ये जस्टिन ट्रूडो निवडून आले आणि २०१५ मध्ये त्याच पक्षाचे पंतप्रधान झाले.

आपल्यापैकी अनेकांनी अद्याप एकदाही मतदान केलेले नाही. तो दिवस येईल तेव्हा 'उमेदवार माणूस चांगला आहे' एवढ्यावर आपले समाधान होऊ नये. आपल्या पक्षात काही वावगे घडत आहे असे कळल्यावर हा चांगला माणूस काय बोलला, केव्हा बोलला आणि कोणासमोर बोलला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो आपण वापरला नाही, तर 'कोण जबाबदार?' या प्रश्नाच्या उत्तरात आपलेही नाव लिहावे लागेल.