शब्दकोडे आणि श्लेष

एकाच शब्दाचे दोन अर्थ मनात धरून बोलणाऱ्याने गंमत साधली, म्हणजे तिला आपण कोटी म्हणतो. काव्यात तिलाच ‘श्लेष’ हे भारदस्त नाव मिळते. चांगली कोटी ऐकून लोक हसतात. ओढूनताणून आणलेली कोटी ऐकली की ते कपाळावर हात मारून घेतात. मुलांनो, अशा कोट्यांच्या पायावर उभारलेला एक खेळ आज आपण पाहू. तो खेळ म्हणजे श्लेषाचे शब्दकोडे.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेत झाला. मूळचे इंग्लंडातील लिव्हरपूलचे आर्थर विन हे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करीत. त्यांनी रचलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी त्या पत्रात छापले गेले. त्यात सरळ अर्थावरून शब्द ओळखावयाचा होता. पुढे हा खेळ इंग्लंडात गेला आणि तेथील कोडेकारांनी त्यात श्लेषाची भर घातली. संकेत वरवर एक अर्थ दाखवी आणि उत्तर दुसऱ्याच अर्थात दडलेले असे. दुसरे महायुद्ध चालू असता, जानेवारी १९४२ मध्ये, लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या पत्राने असे कोडे १२ मिनिटांत सोडविण्याची स्पर्धा घेतली. तीत भाग घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या गुप्त कामासाठी बोलावण्यात आले.

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसह, लिहितात. आपण चार घरांचे एक लहानसे कोडे सोडवू. दोन ओळी काढा व प्रत्येकीत दोन घरे करा. वरच्या घरांना १ व २ आणि खालच्या पहिल्या घराला ३ हे आकडे द्या. संकेत असे आहेत :

आडवे शब्द
१. बुडाले तर कोणी भिजत नाही. बुडाली तर उतारू भिजतात.
३. नदीला दोन असतात, भात्यात पुष्कळ असतात.

उभे शब्द
१. आजीच्या मांडीवर खेळतात. माणसामाणसांना जोडून ठेवतात.
२. तपस्व्याला देवाकडून मिळतो, वधूला मांडवात मिळतो; छत पाहावयाचे तर दृष्टी इकडे न्यावी.

पहिला संकेत वाचताच ‘होडी’ हा शब्द सुचतो. पण ‘होडी बुडाले’ असे कोणी म्हणत नाही. ‘बुडाले’ या क्रियापदाला नपुंसकलिंगी शब्द हवा आणि ‘बुडाली’ला स्त्रीलिंगी. दोन्ही लिंगांत चालणारा आणि दोन्हीकडे बुडणारा शब्द कोणता? नाव! घराण्याचे नाव बुडाले तर कोणी भिजत नाही. नदीत नाव बुडाली तर मात्र उतारू भिजतात.

आता दुसरा उभा शब्द ‘व’ने सुरू होणार, हे ठरले. देव देतो तो वर, वधूला मिळतो तोही वर, आणि छताकडे पाहताना दृष्टी जाते तीही वरच!

आता आडवा ३ पाहू. नदीला दोन काठ असतात आणि भात्यात बाण असतात. दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरी आहेत. परंतु काठ भात्यात मावत नाहीत आणि बाण नदीला नसतात. शिवाय ‘वर’ या शब्दाने शेवटचे अक्षर ‘र’ असे बांधून टाकले आहे. तेव्हा उत्तर एकच उरते : तीर. राहिलेला उभा शब्द आपोआप भरला गेला : ‘ना’ आणि ‘ती’. तरीही तो संकेताशी पडताळून पाहावा. आजीच्या मांडीवर खेळतात त्या तिच्या नाती. माणसांना जोडतात तीही नातीच.

अशा कोड्यात केवळ तर्क चालत नाही. उत्तर संकेतातील दोन्ही अर्थांना उतरले पाहिजे आणि छेदणाऱ्या शब्दाशीही जुळले पाहिजे. कोडेकारावरही बंधन असते. डी. एस. मॅकनट हे इंग्रज शिक्षक ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचीत. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कोडेकाराच्या न्यायबुद्धीवर भर दिला. वाचकाला चकवावे, पण संकेतातील प्रत्येक शब्द खरा असावा, अशी ही शिस्त आहे.

उत्तर कळल्यावर ‘हा शब्द तर आपल्या ओळखीचाच होता!’ असे वाटून आपण कपाळावर हात मारतो. कोडे न्यायाचे होते, याची तीच खूण होय. रोजच्या वापरातील शब्दाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याला आपली भाषा नव्याने भेटते.

स्वाध्याय
१. ‘होडी’ हे पहिल्या संकेताचे उत्तर का होऊ शकत नाही?
२. उभा शब्द आडव्या शब्दाची परीक्षा कशी घेतो, ते ‘तीर’ या शब्दाच्या आधारे सांगा.
३. ओळखा (दोन अक्षरे) : भिंतीत बसली तर घर उभे राहते, कामाचा आला तर काम पडून राहते.
४. हार, मान, पान या शब्दांचे प्रत्येकी दोन अर्थ लिहा व त्यांपैकी एका शब्दावर स्वतः संकेत रचा.