नायट्रोजन जोडला, पण तापमान उतरवलं का?

इलेक्ट्रेट माइक बसवलेले काही बोर्ड आमच्याकडे तपासायला आले होते. भिंगाखाली बघितलं तर जॉइंट चकचकीत, फ्लक्सचा काळा डाग कुठे नाही. पण माइकसमोर बोललं की आवाज दबका. या माइकच्या आतल्या थरावर कायमचा विद्युतभार साठवलेला असतो. उष्णता जास्त झाली की तो ओसरतो. माइक बंद पडत नाही, बहिरा होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चौकशी केली. सोल्डरिंग आयर्न नवं, टिपभोवती नायट्रोजन सोडणारं; तापमान मात्र जुनंच, 380 अंश. ‘गॅस आहे, आता पार्टला धोका नाही,’ असा तिथे सगळ्यांचा समज.

हा समज मला अनेकांकडे दिसतो, म्हणून कळकळीने सांगतो. नायट्रोजन उष्णता अडवत नाही, ऑक्सिजनला बाजूला सारतो. हवेत वितळलेल्या सोल्डरवर ऑक्साइडची साय धरते. ती फोडायला आपण टिप जास्त वेळ टेकवतो किंवा तापमान वाढवतो, आणि तिथेच पार्ट जातो. साय धरली नाही तर सोल्डर पॅडवर चटकन पसरतं. असा वाचलेला वेळ आणि अंश खरोखर कमी केले, तरच गॅसचा उपयोग.

नेहमीचं लेड-फ्री सोल्डर 217 ते 220 अंशांना वितळतं. त्यामुळे गॅस जोडला की आधी भंगारातला बोर्ड घ्या आणि तापमान दहा-दहा अंशांनी उतरवत जा. सोल्डर पसरेनासं झालं की एक पायरी वर या. माइक धातूच्या ठोकळ्यात बसवा, म्हणजे उष्णता ठोकळा ओढून घेईल. टिप दोन सेकंदांत उचला. जॉइंट जमला नाही तर माइक पूर्ण गार होऊ द्या, मगच पुन्हा टेकवा. गॅस मंद सोडा. जोरात सोडलात तर जॉइंट गार पडतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हात पुन्हा तापमान वाढवायला जातो.

आता खोलीचं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 28 घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद ठेवून एसी लावलेल्या अशा खोलीत 7 घनमीटरचा सिलिंडर गळून रिकामा झाला, तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16-17 वर येतो. 19.5 च्या खाली धोका धरतात. नायट्रोजनला वास नाही, आणि त्यात गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ कोसळतो. सिलिंडर शक्यतो खोलीबाहेर ठेवा, ऑक्सिजन मीटर लावा, काम संपलं की सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा. आत कोणी पडलेलं दिसलं तर धावत शिरू नका. आधी बाहेरून गॅस तोडा, दारं-खिडक्या उघडा, मदतीला माणसं बोलवा.