कट्टा, पुतळा आणि मोकळी जागा

उद्यान हा शब्द आपल्या शालेय निबंधांतून इतका गुळगुळीत झाला आहे की, कारंजे, हिरवळ आणि फुलझाडे यांखेरीज त्यात दुसरे काही असू शकते, हे आपल्या ध्यानातच येत नाही. मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क हे त्या अर्थाने उद्यान नव्हेच. लाल मातीचे सुमारे 28 एकरांचे मैदान, कडेने झाडे आणि पश्चिमेला थोडे चालले की अरबी समुद्र. तरीही सार्वजनिक कला आणि सामान्य माणसाचा विरंगुळा यांचे नाते कसे जुळते हे पाहावयाचे असेल, तर समुद्रापासून दूर असलेल्या आम्हां मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांनीही या मैदानाकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

मुंबई महापालिकेने 1925 साली हे मैदान तयार केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. (याच अवंतिकाबाईंनी 1918 साली गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले होते.) पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील मोठमोठ्या सभा येथे झाल्या. तो इतिहास सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1966 साली लोकवर्गणीतून उभा राहिला. त्याचे वैशिष्ट्य असे की, महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही. हात पुढे करून ते जणू वाट दाखवीत आहेत. गेल्या वर्षीच्या शैक्षणिक सहलीत आम्ही तो पाहिला, तेव्हा समोर मुले क्रिकेट खेळत होती आणि कोणी पुतळ्याकडे मुद्दाम पाहत नव्हते. प्रथम मला याचे वाईट वाटले. नंतर वाटले, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे तरी आपण टक लावून कुठे पाहतो? आपल्या छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकात फेब्रुवारी 2022 मध्ये महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला. तो कितीतरी उंच आणि देखणा आहे. परंतु आपण तो बहुधा रिक्षातून, सिग्नल सुटेपर्यंत पाहतो. पुतळ्याच्या सहवासात तासभर बसणे निराळे.

आणि बसण्याचाच विचार केला, तर या मैदानातील सर्वांत श्रेष्ठ कलाकृती माझ्या मते पुतळा नसून कट्टा आहे. मैदानाला वेढणारी ही बुटकी भिंत एक किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहे. वास्तविक तिचे काम हद्द दाखविण्याचे. पण तिची उंची अशी की, माणूस आपोआप टेकतो. संध्याकाळी तिच्यावर पेन्शनर, महाविद्यालयीन मुलेमुली, भाजीची पिशवी घेतलेल्या गृहिणी, नोकरीच्या शोधातले तरुण असे सारे एका रांगेत बसतात. कोणी कोणाला 'येथे का बसलास?' असे विचारीत नाही.

हे मला विशेष का वाटावे? आमच्या गावात पार आहे. वडाखालचा, दगडी, अतिशय सुंदर. पण आमच्या आजीने उभ्या हयातीत त्यावर बूड टेकले नाही. बायकांनी पारावर बसावयाचे नसते. आणि आमच्या वस्तीतल्या पुरुषांनाही एके काळी तेथे मज्जाव होता, असे ती सांगते. तीच आजी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाते. 1971 साली उभारलेला तो स्तूप या मैदानापासून अगदी जवळ, समुद्रकाठी आहे. त्या दिवसांत मैदानात महापालिकेचे मंडप पडतात, पुस्तकांची दुकाने लागतात. रांगेतून दर्शन घेऊन आली की आजी कट्ट्यावर गाठोडे ठेवते, भाकरी सोडते आणि पाय हलवीत खाते. आमच्या घरात विरंगुळा हा शब्द कोणी वापरीत नाही. पण ती जे करते त्याला दुसरे काय म्हणावे?

मोकळ्या जागेवर सर्वांचाच डोळा असतो, हेही खरे. सभांच्या गोंगाटामुळे 2010 साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. खेळाडूंना खेळपट्ट्या हव्यात, रहिवाशांना उडणारी लाल धूळ नको आहे. डिसेंबर 2024 मध्ये क्रिकेटगुरू रमाकांत आचरेकर यांचे स्मारक येथे झाले. ज्यांनी सचिन तेंडुलकरला याच मातीत घडविले, त्यांचे स्मारक येथेच शोभते, यात शंका नाही. मात्र स्मारके वाढत गेली तर खेळावयास जागा किती उरेल, याचा हिशेब कोणीतरी ठेवावयास हवा.

आपल्याकडे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ सिद्धार्थ उद्यान आहे. तेथे बुद्धमूर्ती आहे, झाडे आहेत; परंतु आत जाण्यास तिकीट पडते. खेड्यातून आलेल्या, गाडीला तास दोन तास अवकाश असलेल्या बाईने तेवढ्यासाठी पैसे का मोडावेत? उद्यानाच्या बाहेरच्या बाजूने, झाडांच्या सावलीत, टेकता येईल असा कट्टा बांधावयाचा तर खर्च किती येईल, याची महापालिकेत चौकशी करण्याचे आमच्या वर्गातील चौघांनी ठरविले आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे. सहामाही परीक्षा संपली की जाणार आहोत.