हरलेला सामना कसा वाचायचा? ‘ब्लड बाऊल’मधून दुकानदारासाठी धडा



सीझन वाया गेला की दुकानदाराच्या तोंडी दोनच वाक्यं येतात. एक, “यंदा नशीबच नव्हतं.” दोन, “हा माल आता परत ठेवायचा नाही.” दोन्ही वाक्यं हिशेब न करता बोललेली असतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिल्या वाक्यामुळे पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते. दुसऱ्यामुळे कधी कधी चांगली चालणारी लाइनच आपण बंद करून टाकतो.

मग नुकसान कुठल्या कारणाने झालं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आज एका खेळाचं उदाहरण घेऊ. खेळाचं नाव ब्लड बाऊल. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने तो १९८६ साली बाजारात आणला. टेबलावर मैदानाचा बोर्ड, त्यावर ऑर्क, एल्फ, बुटके, माणसं अशा काल्पनिक टीम, आणि अमेरिकन फुटबॉलसारखी धक्काबुक्की. निकाल फाशांवर ठरतो. म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे, कारण धंद्यातही फासा आपल्या हातात नसतो. फासा कधी आणि कशासाठी टाकायचा, एवढंच हातात असतं.

खेळ दोन मिनिटांत

दोन कोच. मैदानावर प्रत्येकाचे ११ खेळाडू. दोन हाफ, आणि प्रत्येक हाफमध्ये प्रत्येकाला ८ टर्न. आपल्या टर्नमध्ये सगळे खेळाडू एकेक करून चालवता येतात. पण एक अट आहे: आपल्याच टर्नमध्ये आपला खेळाडू पडला किंवा बॉल उचलताना सुटला, तर टर्न तिथेच संपते. याला म्हणतात टर्नओव्हर. उरलेले खेळाडू जागच्या जागी उभे राहतात आणि समोरचा खेळायला लागतो.

समोरच्याला मारायचं असेल तर ब्लॉकचा फासा टाकायचा. त्याला सहा बाजू. एका बाजूला कवटी असते, म्हणजे मारणाराच पडतो. एका बाजूवर दोघेही पडतात. दोन बाजूंवर समोरचा फक्त मागे ढकलला जातो. उरलेल्या दोन बाजूंवर साधारणपणे समोरचा पडतो. ताकद सारखी असेल तर एकच फासा मिळतो. शेजारी आपला मोकळा साथीदार उभा असला की ताकद वाढते, दोन फासे मिळतात आणि त्यातला सोयीचा निवडता येतो.

एक हरलेली टर्न

समजा, तुमची टीम माणसांची, समोर ऑर्क. स्कोअर १-१. दुसऱ्या हाफची सहावी टर्न. बॉल तुमच्या खेळाडूजवळ जमिनीवर पडलाय. तुम्ही आधी एका साध्या खेळाडूने ऑर्कला ब्लॉक मारला. एकच फासा. कवटी आली. रीरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकायची संधी, शिल्लक नव्हती. टर्न संपली. ऑर्कने बॉल उचलला, गोल लाइन गाठली आणि सामना २-१ ने गेला.

इथे बहुतेक कोच म्हणतात, “फासाच वाईट पडला.” या खेळात नफल नावाचा एक काल्पनिक देवही आहे. फासा फिरला की खेळणारे सगळं खापर त्याच्यावर फोडतात. आपण मात्र हिशेब करू.

- साधा खेळाडू, एक फासा: कवटी आली किंवा दोघे पडले, तर नुकसान. म्हणजे ३६ पैकी १२ वेळा.
- तोच खेळाडू, पण आधी साथीदार शेजारी आणून दोन फासे: ३६ पैकी ४ वेळा.
- ज्याच्याकडे ‘ब्लॉक’ हे कौशल्य आहे असा खेळाडू, दोन फासे: ३६ पैकी १ वेळा. कारण ‘दोघे पडतात’ ही बाजू आली तरी हा उभाच राहतो.

ऑर्क तोच, टर्न तीच. धोका मात्र १२, ४ किंवा १. साथीदाराला मोकळ्या जागेतून चालवायला फासा लागत नाही, म्हणजे ते काम फुकट होतं. म्हणून हे वाईट नशीब नव्हतं. तीनपैकी एकदा बुडणारा सौदा होता आणि त्या दिवशी तो बुडाला.

आता उलट बाजू बघा. समजा कोचने सगळं बरोबर केलं आणि तरी दोन्ही फाशांवर कवटी आली. मग त्या निर्णयात बदल करायची गरज नाही. पुढच्या सामन्यातही तेच करायचं. हे मनाला पटायला फार जड जातं, कारण हार दोन्हीकडे सारखीच दुखते.

धडा १: फुकटची कामं आधी, धोक्याची शेवटी

३६ पैकी १ हे फार कमी वाटतं. पण एका सामन्यात तुम्ही असे ५० ब्लॉक मारले, तर निदान एकदा तरी ही वेळ येण्याची शक्यता ७५ टक्के आहे. म्हणजे ती येणार हे धरूनच चाला. ती आली तेव्हा महत्त्वाची कामं झालेली होती का, एवढंच बघायचं.

दुकानातही तेच. होलसेलरला फोन करून माल परत घेण्याची अट लिहून घेणं, जुनी उधारी वसूल करणं, गोडाउनमधला शिल्लक माल मोजणं, याला फासा लागत नाही. नव्या मालाची मोठी ऑर्डर देणं हा फासा आहे. आपण बऱ्याचदा ऑर्डर आधी देतो आणि मोजणी नंतर करतो.

धडा २: साखळीचा गुणाकार करा

टर्नच्या शेवटी कोच म्हणतो, “बॉल उचलतो, एकाला चुकवतो, एक घर जास्त पळतो, झालं.” बॉल उचलायला ३ किंवा जास्त हवे, चुकवायला ३ किंवा जास्त, जास्तीच्या घराला २ किंवा जास्त. एकेक काम सोपं वाटतं. पण तिन्ही एकापाठोपाठ जमण्याची शक्यता साधारण ३७ टक्के.

धंद्याची साखळी अशी: माल वेळेवर आला पाहिजे, तो विकला गेला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने उधारी वेळेवर दिली पाहिजे. समजा प्रत्येक गोष्टीची खात्री ८० टक्के आहे. तिन्ही जमण्याची शक्यता ५१ टक्के. म्हणजे जवळजवळ नाणं उडवण्यासारखंच. या भरवशावर सप्लायरला पुढच्या तारखेचा चेक देण्याआधी हा गुणाकार कागदावर करा.

धडा ३: रीरोल आधी विकत घ्या, जपून वापरा

टीम उभी करताना रीरोल एका भावाने मिळतात. लीग सुरू झाल्यावर घ्यायला गेलात तर तेच दुप्पट भावाने. धंद्यात रीरोल म्हणजे हाताशी राखलेली रोकड. अडचण नसताना ती बाजूला ठेवणं स्वस्त पडतं. अडचणीत उभी केली तर व्याज आपण ठरवत नाही, समोरचा ठरवतो.

वर सहाव्या टर्नला रीरोल का नव्हता? तो दुसरीकडे कुठे खर्च झाला, हेही हार वाचताना शोधायचं. बॉलपासून लांब, बिनमहत्त्वाच्या ब्लॉकवर गेला असेल तर हार तिथेच सुरू झाली होती. काउंटरला नवी काच बसवण्यात सीझनची रोकड गेली, तर गोष्ट तीच.

आता आपली वही

समजा गणपतीच्या सजावटीचा ६० हजारांचा माल भरला आणि २५ हजारांचा पडून राहिला. कारणं तीन खान्यांत लिहा.

पहिला खाना नशीब. ऐन शनिवारी दुकानासमोर पाइपलाइन फुटली आणि रस्ता बंद झाला. हे इथे लिहा.

दुसरा खाना निर्णय. “पाऊस पडला म्हणून गिऱ्हाइक आलं नाही” हे मात्र नशिबात लिहू नका. भाद्रपदात पाऊस येऊ शकतो हे माहीत होतं. तो एका फाशाचा ब्लॉक होता. माल दोन हप्त्यांत घेता आला असता का, हा प्रश्न इथे लिहा.

तिसरा खाना तयारी. बुटक्यांची टीम संथ पण चिवट असते. तिला एल्फसारखं पळवलं तर फासे चांगले पडूनही हरायला होतं. तुमचं दुकान गल्लीतलं, कायमच्या गिऱ्हाइकांचं असेल आणि तुम्ही मेन रोडच्या शोरूमसारखा माल भरला असेल, तर ते इथे लिहा.

एक पथ्य पाळा. प्रत्येक कारणासमोर “हे मला ऑर्डर देताना माहीत होतं का?” याचं उत्तर हो किंवा नाही असं लिहा. नंतर कळलेल्या गोष्टीवरून स्वतःला, भागीदाराला किंवा काउंटरवरच्या पोराला दोष देऊ नका. आणि माहीत असलेली गोष्ट नशिबाच्या खान्यात ढकलू नका.

ही वही फायदा झाला तरी उघडायची. एका फाशावर जिंकलेला कोच पुढच्या वेळी तसाच खेळतो, आणि लीगमध्ये जखमी झालेला खेळाडू पुढचा सामना मुकतो, कधी कायमचा जातो. फायद्यात गेलेला चुकीचा निर्णय पुढच्या वर्षी दुप्पट ऑर्डर होऊन परत येतो.

या आठवड्याचं काम

गेल्या वर्षभरातला एक तोट्याचा आणि एक फायद्याचा सौदा निवडा. दोन्हींसाठी तीन खाने भरा. मग फक्त दुसरा खाना बघा आणि त्यातला एकच निर्णय पुढच्या ऑर्डरच्या आधी बदला. जे नशिबाच्या खान्यात आहे त्यासाठी काहीही बदलू नका. चांगली लाइन असेल तर ती चालू ठेवा.