प्रमाणबद्ध लघुरेल्वे : हस्तकलेतून प्रमाणाचा पाठ

प्राथमिक शाळांच्या प्रदर्शनांतून आगगाडीची प्रतिकृती हमखास आढळते. काडेपेट्यांचे डबे, बाटल्यांच्या झाकणांची चाके आणि पुठ्ठ्याचे स्थानक अशी तिची रचना असते. फलाटावर उभा केलेला मातीचा प्रवासी मात्र डब्याच्या छपराहून उंच असतो, व शेजारच्या बैलगाडीत सबंध इंजिन मावावे असा थाट असतो. पाहुणे कौतुक करतात आणि ती वस्तू पुढील तपासणीपर्यंत कपाटात जाते. अशा वस्तूस खेळणे म्हणावे. प्रतिकृती म्हणता येणार नाही. ज्या मुलाने आगगाडी पाहिलेलीच नाही त्याची तर तिने दिशाभूल होते.

वेरूळ व आसपासच्या गावांतील शाळांना हा विचार विशेष लागू आहे. वेरूळला रेल्वे नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग दौलताबादवरून जातो. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास तो मीटरमापी म्हणून सुरू झाला, आणि १९९० नंतरच्या दशकात रुंदमापी झाला. म्हणजे आजोबांनी पाहिलेल्या रुळांत एक मीटर अंतर होते. नातवाला आज दिसणाऱ्या रुळांत ते १.६७६ मीटर आहे. मुलांना हे घरी विचारून यावयास सांगावे व जमिनीवर खडूने दोन्ही अंतरे आखून घ्यावीत. पाठाचा आरंभ याहून चांगला सापडणे कठीण.

जगभरचे हौशी लोक बहुधा १:८७ किंवा १:१६० या प्रमाणात लघुरेल्वे बांधतात. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सहल पुण्यास जाणार असेल तर ते अवश्य दाखवावे. परंतु वरील प्रमाणे कारखान्यांच्या सोयीची आहेत. शाळेसाठी १:१०० हेच प्रमाण योग्य होय. त्यात मीटरचा सेंटीमीटर होतो आणि आकडेमोड मुलांच्या आवाक्यात राहते. रुंदमापी रुळांतील अंतर सुमारे १७ मिलिमीटर, मीटरमापीचे १० मिलिमीटर. जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब व ३.२५ मीटर रुंद असतो, तो २१.३ सेंटीमीटर लांब व ३.२५ सेंटीमीटर रुंद करावा. १६० सेंटीमीटर उंचीचा प्रवासी १६ मिलिमीटरचा झाला पाहिजे. एवढे गणित झाले की आपला मातीचा प्रवासी मूल आपणहून मोडते व नवा घडविते.

वेरूळच्या मुलांपाशी मोजमापासाठी एक साधन आयतेच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास लेण्याचे प्रांगण त्यांनी पावलांनी मोजून यावे (मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे). ते सुमारे ८० मीटर लांब भरते. एका ओळीत उभे केलेले चार डबे त्यात मावतील काय, हा प्रश्न विचारावा. चौथ्या डब्याचे टोक बाहेर येते, हे समजल्यावर कैलास आणि आगगाडी या दोहोंचेही आकारमान मुलांच्या मनात पक्के बसते.

साधने थोडी पुरतात: पोलादी पट्टी, गुण्या, टोकदार पेन्सिल, कात्री, धारेची सुरी, चिमटा, पक्कड व पांढरा डिंक. सुरी शिक्षकांनी आपल्या देखरेखीखालीच वापरू द्यावी. पुठ्ठा एकाच जोरकस कापात कापू नये. पट्टीच्या कडेने तीन-चार हलके काप द्यावेत. घडीच्या रेषेवर अर्धाच काप दिला की डब्याची कड सरळ येते. खळीने पुठ्ठा ओलावतो व वाकतो. खळच वापरावयाची तर चिकटविलेला भाग रात्रभर पाट्यांच्या चळतीखाली ठेवावा.

रुळांचे काम सर्वांत नाजूक, म्हणून त्यास घाई नसावी. दर किलोमीटरला १६६० स्लीपर धरल्यास एक मीटर प्रतिकृतीत १६६ लागतात. म्हणजे दोन स्लीपरांच्या मध्यांतले अंतर सुमारे ६ मिलिमीटर. गुल नसलेल्या काड्या २७.५ मिलिमीटर लांबीच्या कापाव्यात. सर्व काड्या एकेक न मोजता पुठ्ठ्याचा एक अडसर करून त्यास टेकवून कापल्या की लांबी सारखी येते. रुळांसाठी सुमारे दीड मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. तिचे एक टोक खिळ्यास बांधून दुसरे पकडीने ताणले की ती सरळ होते. मग बरोबर १७ मिलिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा दोन तारांमध्ये धरून, तो पुढे सरकवीत तार चिकटवावी. डोळ्यांच्या अंदाजावर बसविलेले रूळ हमखास फसतात. खडी पाच सेंटीमीटरची धरली तर प्रतिकृतीत ती अर्ध्या मिलिमीटरची होते. पिठाच्या चाळणीने चाळलेली काळी वाळू त्या कामी उत्तम.

वळण व चढ या ठिकाणी मुले अडखळतात. टेबलावर गोल मार्ग व्हावा अशी त्यांची इच्छा असते. परंतु रुंदमापी मार्गाच्या अगदी तीव्र वळणाची त्रिज्याही सुमारे १७५ मीटर असते; प्रतिकृतीत पावणेदोन मीटर. हे वर्गाच्या जमिनीवर दोरीने आखून दाखवावे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गासाठी ६१० मिलिमीटरचे अरुंद माप का निवडले, हे मग सांगावे लागत नाही.

चढाची गोष्ट निराळी. बोरघाटात ३७ मीटर अंतरास एक मीटर चढ आहे. मुले घाईने या ३७ लाही शंभराने भागू पाहतात. त्यांना ३७ सेंटीमीटर लांबीच्या फळीखाली एका टोकास एक सेंटीमीटरचा ठोकळा ठेवावयास लावावे. लांबी व उंची दोन्ही शंभरपट घटली, म्हणून चढ तोच राहिला, हे मुलांनीच म्हणावे. शिक्षकांनी तोपर्यंत थांबावे.

वाटणीकडेही लक्ष असावे. मोजणे व कापणे मुलांकडे, कपटे गोळा करणे व रंग देणे मुलींकडे, असे पुष्कळ वर्गांत नकळत घडते. ठोकळा व पट्टी दर तासाला हातोहात फिरावी. विजेच्या मोटारीचा आग्रह धरू नये. दोऱ्याने ओढलेली गाडीही वळणावर रूळ सोडते, आणि ती का घसरली हे शोधण्यात पुढील तास सहज जातो. तयार झालेला मार्ग कपाटात बंद करू नये. भिंतीलगतच्या फळीवर तो उघडा ठेवावा, व मोडेल तो भाग पुढील वर्षीच्या वर्गाने मोजून पुन्हा बसवावा.